सातवं माप

थोरल्याच्या एका वागण्याचा मोठ्या बाईंना मनस्वी राग येत होता. तो गोड बोलायला लागला होता. शेहेचाळीस वर्षांचा बाप्या, आजवर आईशी "अगं थांब जरा" यापलीकडे लाडाचा शब्द बोलला नव्हता, आणि गेला महिनाभर काय, तर चहा घेतलास का, पाठीला उशी देऊ का, पंख्याचा वारा जास्त होतोय का. कारखान्यात त्यांच्या खुर्चीपुढे पाय टेकायला त्याने एक लाकडी ठोकळाही आणून ठेवला होता. मोठ्या बाईंनी तो पायानेच टेबलाखाली लांब सारला. एवढं लोणी कोण लावतं? ज्याच्या पोटात काहीतरी दडलंय तो.

कारखाना गणवेशांचा होता. शाळांचे, दवाखान्यांचे, पहारेकऱ्यांचे, हॉटेलातल्या वेटरांचे. एका जुन्या पायमशीनवर मोठ्या बाईंनी तो सुरू केला, त्याला या साली चाळीस वर्षं होत होती. त्या निमित्ताने थोरल्याने जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं होतं की दहा दिवस मशीनं बंद ठेवायची आणि सगळ्यांनी आफ्रिकेत सफारीला जायचं. हे ऐकून कारखान्यातले म्हातारे कटिंगमास्तर म्हणाले होते की सफारी शिवायला आफ्रिकेत कशाला जायला हवं, अर्ध्या बाह्यांची का पूर्ण ते सांगा, मी इथेच कापतो. त्यावर सगळे हसले होते. मोठ्या बाईही हसल्या होत्या, कारण थोरल्याने "सगळ्यांनी" म्हटलं होतं, आणि या घरात सगळे म्हटलं की मोजणी कुणापासून सुरू होते हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

त्या दिवसापासून त्यांनी कारखान्यात गाडीने यायचं बंद केलं होतं. पाऊण मैलाचं अंतर, पायी. गुडघा कुरकुर करायचा. त्या त्याला म्हणायच्या, कर कुरकुर, पण चालता चालता कर. त्यांना जिराफ बघायचा होता. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण एकाहत्तराव्या वर्षी बाईमाणसाने जिराफ बघायचाय म्हटलं की लोक लगेच मान वाकडी करून लाडाने बघतात. पण चाळीस वर्षं कॉलर कापलेल्या बाईला एवढी लांब मान बघावीशी वाटली, तर त्यात लाडाने बघण्यासारखं काय होतं?

थोरल्याच्या पोटात काय दडलंय, ते सांगितलं कटिंगच्या वहीने.

मोठ्या बाईंनी चौथीपुढची शाळा पाहिली नव्हती. अक्षरं त्यांना एकेक करून जुळवावी लागत. आकड्यांचं तसं नव्हतं, आकडे आपण होऊन त्यांच्याशी बोलायचे. कारखान्यात नियम होता की माप अंगावरूनच घ्यायचं. फोनवरून सांगितलेलं माप नाही, जुन्या शर्टावरचं नाही, अंदाजाचं तर मुळीच नाही. एका शाळेच्या मुख्याध्यापकांनाही त्यांनी टेपसमोर उभं केलं होतं. घरच्या कामात वहीत नावं घालत नसत. घातली काय आणि न घातली काय, मोठ्या बाईंना माणसं मापावरूनच ओळखू यायची.

त्या सकाळी एप्रनची ऑर्डर शोधताना ते पान उघडलं गेलं. छाती चव्वेचाळीस, पोट सत्तेचाळीस, म्हणजे थोरला. जगाला बेचाळीस सांगतो. त्याखाली थोरली सून, डावा खांदा अर्धा इंच उतरता. मग धाकटा, मग धाकटी सून. मग नातू, नुसतीच उंची. मग नात, मनगट साडेपाच. सहा मापं. पुढे शेरा: शर्ट, पॅन्ट, टोपी, पहारेकऱ्यांच्या उरलेल्या ताग्यातून.

त्यांनी पान उलटलं. पुढे एप्रन. पुन्हा मागे आल्या. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा.

मास्तरांना विचारलं तर ते गळ्यातल्या टेपेकडे बघायला लागले. मोठ्या बाईंनी वही मिटली नाही, तेव्हा त्यांना बोलावंच लागलं. "तुम्हीच नको म्हणालात ना? थोरले तसंच म्हणाले मला. आईला झेपायचं नाही, तिचीच इच्छा नाही."

मोठ्या बाई ओरडल्या असत्या तर मास्तरांना हलकं वाटलं असतं. त्यांनी फक्त चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि एप्रनचे आकडे वाचून दाखवायला सुरुवात केली.

दुसऱ्या दिवशी त्या सफारीची तिकिटं काढणाऱ्या प्रवासवालीकडे गेल्या. दोन गल्ल्या सोडून पहिल्या मजल्यावर तिचं ऑफिस होतं, बावीस पायऱ्या. तिने "या आजी, बसा" म्हटल्यावर मोठ्या बाईंनी तिला आधी समजावलं की आपली अजून तेवढी ओळख झालेली नाही, आणि मग बसल्या. थोरल्याचं नाव सांगितल्यावर ती बाई एकदम हळहळली. किती छान कुटुंब, म्हणाली, फक्त तुम्हालाच भीती वाटते म्हणून तुम्ही येत नाही, मुलगा सांगत होता, त्याला फार वाईट वाटत होतं.

म्हणजे मास्तरांना सांगितलं झेपत नाही, आणि हिला सांगितलं भिते. निदान खोटं तरी सगळीकडे एकच बोलायचं.

मोठ्या बाईंनी एकेक करून सगळं विचारून घेतलं. जीप उंच असते का? असते, पण पायरी लावतात. किती वेळ बसायचं? सकाळी चार तास, दुपारी तीन. त्या मनात म्हणाल्या, मशीनवर मी चौदा तास बसलेय, आणि तिथे तर समोर नुसती भिंत होती. वयाचं काय? वयाचं काही नाही, पण पिवळ्या तापाची लस घ्यावी लागते आणि साठीपुढच्यांना डॉक्टर नीट तपासूनच ती देतात. पासपोर्ट तीन वर्षांपूर्वी बहिणीकडे जायला काढलेला होता, तो पर्समध्ये घालूनच त्या आल्या होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, जीपमध्ये माणसं किती मावतात.

"सात," प्रवासवाली म्हणाली. "ड्रायव्हरशेजारची एक रिकामी आहे. तुमचे चिरंजीव म्हणाले, तिथे बॅगा ठेवू."

मोठ्या बाई जराशा हसल्या. बॅगा. नाव सोमवारपर्यंत घालता येईल, असं ती सांगत होती तोवर त्यांनी पासपोर्ट टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या की सोमवारची वाट कशाला बघायची, आत्ता घाल. कारखान्याच्या चेकवर अजून माझीच सही चालते.

मग त्यांनी सूचनांचा कागद तिलाच वाचायला लावला. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, गाळायचं नाही. कडक पेट्या नकोत, मऊ बॅगा आणा. मातकट रंगाचे कपडे घाला. गडद निळा आणि काळा नको, त्यावर चावऱ्या माश्या येतात. लष्करी छापाचे कपडे अजिबात आणू नयेत. त्या देशात ते फक्त सैन्याने घालायचे असा कायदा आहे, विमानतळावर काढून घेतात, दंडही होतो.

"हे पुन्हा वाच," मोठ्या बाई म्हणाल्या.

तिने पुन्हा वाचलं. आणि म्हणाली, मुलाला हा कागद दोनदा पाठवलाय.

पहारेकऱ्यांचा तो उरलेला तागा पानापानांच्या छापाचा होता, हिरवा, तपकिरी, काळा. एका सुरक्षा कंपनीने ऑर्डर मोडली तेव्हापासून माळ्यावर पडून होता. सिंहाच्या डोळ्यांत भरू नये म्हणून थोरल्याने डोकं चालवलं होतं. जगात सगळीकडे मिळतात ते कपडे विकत घेतले असते तर काही बिघडलं नसतं, पण गणवेशवालीचा मुलगा, तो घरादाराला गणवेश शिवल्याशिवाय कसा राहील? सहा जोड कापून मशीनवर गेले होते.

परत येताना दोन गल्ल्यांपुरतं मोठ्या बाईंनी गप्प बसायचं ठरवलं. विमानतळावर थोरला बनियनवर उभा आहे, हे चित्र त्यांनी डोळ्यांपुढे आणलं, उलटसुलट करून पाहिलं, फार आवडलं. पण शेजारी नात उभी होती. आणि आपल्या कारखान्याची शिलाई कुणा शिपायाच्या कचऱ्याच्या पिंपात जाणार, हे तर त्यांना स्वप्नातही चाललं नसतं.

डॉक्टरने विचारलं, बरोबर कोण आलंय? त्या म्हणाल्या, माझे पाय. डॉक्टरने छाती ऐकली, रक्तदाब दोनदा मोजला, जुने कागद चाळले, जिन्यावरून खालीवर करायला लावलं आणि थोडा विचार करून लस टोचली. लस घेतल्याचं पिवळं कार्ड मिळालं. दोन दिवस अंग ठणकलं. थोरल्याने विचारलं की आज गप्प का, बरं नाही का, डोकं दाबू का. त्या म्हणाल्या, माझ्या डोक्याला काही झालेलं नाही.

शनिवारी ट्रायल होती. माल बाहेर जायच्या आधी तो अंगावर घालून मोठ्या आरशापुढे उभं राहायचं, हात वर करायचे, खाली बसून उठायचं, ही कारखान्याची जुनी पद्धत. मशीनं थांबली. सहाही जण नवे कपडे घालून ओळीने उभे राहिले. नातवाने बंदूक धरल्यासारखे हात केले. धाकटा म्हणाला, दादा, तू दिसतच नाहीस रे, कुठे आहेस? मोठ्या बाई दारातून आत आल्या तेव्हा त्यांच्यासमोर सहा झुडपं उभी होती आणि सगळ्यात मोठं झुडूप पोट आत ओढून गोड हसत होतं.

त्यांनी आवाज न चढवता सांगितलं की कपडे उतरवा, हे तिथे चालत नाहीत.

थोरला म्हणाला, असं काही नसतं, आई, तुला कुणीतरी काहीतरी सांगितलं. त्यांनी त्याला प्रवासवालीला फोन लावायला सांगितलं, सगळ्यांना ऐकू येईल असा. ती बाई फोनवर तेच म्हणाली, आणि वर म्हणाली की हे मी परवाच आईंना वाचून दाखवलंय, आणि तुम्हालाही दोनदा पाठवलं होतं, आणि बरं झालं हो आई यायला तयार झाल्या, त्यांचं तिकीटही झालंय.

थोरल्याचा हात फोनसकट खाली आला. थोरली सून आरशात बघत बटणं सोडायला लागली. कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

मोठ्या बाईंनी पिवळं कार्ड कटिंगच्या टेबलावर ठेवलं आणि मास्तरांना माळ्यावरचा मातकट ड्रिल कापडाचा तागा काढायला लावला. बारा दिवस हातात होते. सात जोड होतील, त्या म्हणाल्या, मी स्वतः कापते. मग त्या टेबलासमोर ताठ उभ्या राहिल्या आणि मास्तरांना म्हणाल्या, वही उघडा, माझं माप घ्या. शर्ट आणि पॅन्ट.

आयुष्यात त्यांनी सगळ्या गावासाठी हजारो पॅन्ट कापल्या होत्या आणि स्वतः कधी एकही घातली नव्हती. मास्तर टेप घेऊन पुढे आले. आकडे ते खणखणीत आवाजात सांगत होते.

थोरला मध्ये पडलाच. आधी गुडघ्याचं बोलला. मग उन्हाचं. मग म्हणाला, निदान त्या टेबलावर चढून तरी दाखव, जीप तेवढीच उंच असते. त्या म्हणाल्या की माझ्याच कारखान्यात मी परीक्षा द्यायची नाही, डॉक्टरने घेतली तेवढी पुरे. मग त्याने विचारलं की म्हणजे तुला नेलं तरच तू आमचे कपडे कापणार, असं आहे का. हे ऐकून मोठ्या बाईंना खरंच वाईट वाटलं. त्या म्हणाल्या, कपडे मी कसेही कापणारच आहे, त्याचा याच्याशी संबंध लावू नकोस.

तेव्हा कुठे त्याच्या तोंडून खरं बाहेर पडलं. "तू सगळ्यांशी भांडतेस, आई. तिथे गाईडशी भांडशील, ड्रायव्हरशी भांडशील. तू हळू चालतेस, मग सगळं तुझ्यासाठी थांबतं. मला दहा दिवस जरा सुखाने जायचं होतं, एवढंच."

मास्तरांची टेप कमरेपाशी थांबली. सुनेने डोळे मिटले. मोठ्या बाईंना मात्र त्या महिन्यात पहिल्यांदाच बरं वाटलं, कारण मुलगा त्यांच्याशी नेहमीच्या आवाजात बोलला होता. टेप कमरेला तशीच होती. त्यांनी मान तेवढी त्याच्याकडे वळवली.

"हे मला महिन्यापूर्वी तोंडावर सांगितलं असतंस, तर मी तुझ्याशी भांडले असते आणि मग विचार केला असता. कदाचित नको म्हणालेही असते. पण तू माझं 'नको' परस्पर वाटत फिरलास. मास्तरांना एक, त्या बाईला दुसरं. तू वाईट नाहीस, बाळा. वाईट असतास तर निदान खोटं एकसारखं बोलला असतास. तू आळशी आहेस. कागद पूर्ण वाचायचा आळस केलास, आणि आईला एक प्रश्न विचारायचा आळस केलास. तर आता ऐक. मी येणार. हळू चालणार, तुम्ही थांबणार. पटलं नाही तर भांडणार, तुम्ही ऐकणार. ड्रायव्हरशेजारी मी बसणार. आणि जगात कुठेही, कुणालाही, माझं नाही म्हणणं मीच सांगणार. ते काम तुझ्याकडून मी आजपासून काढून घेतलंय."