तोंडानं फुंकू नये

आमच्या घरात दिवा विझत नसे, शांत होत असे. "विझव" असा शब्द कानावर पडला तरी अप्पा भरलं ताट पुढे सारत. मग फुंकणं तर दूरच. उष्ट्या तोंडाचा श्वास अग्नीला लागला की झालं, सात पिढ्या नरकात. अप्पा म्हणजे माझे वडील, शेवगावचे नृसिंहभट. निम्म्या गावाची लग्नं-मुंजी त्यांनी लावलेल्या, त्यामुळे त्यांचा शब्द खाली पडायची सोय नव्हती. आई समईची ज्योत फुलानं मालवी, नाहीतर पदर हलवून. त्यात आमचं कधी काही अडलं नाही. अडलं ते मेणबत्ती घरात आल्यावर.

लढाई चालू होती. घासलेट रेशनवर, तेही दुकानदाराची मर्जी असेल तेव्हा. त्यात माझी थोरली बहीण प्रेमला बाळंतपणाला आली. लग्नाला कितीतरी वर्षं होऊन गेल्यावर तिची कूस उजवली होती. तिला मुलगा झाला आणि आईनं गल्लीभर पेढे वाटले. तिचे यजमान शामकांतराव नगरच्या छावणीत कारकून होते. बाळंतिणीच्या खोलीत अंधार नको म्हणून ते बाळाला बघायला आले ते मेणबत्त्यांचा पुडा घेऊनच.

बिचाऱ्यांनी सगळं नीट समजावून सांगितलं. ताटलीत पाणी घालून मधोमध उभी करायची. पाळण्याजवळ नको, कपड्यांजवळ नको, वाऱ्याच्या तोंडी तर नकोच. "आणि खोलीतून बाहेर पडताना फुंकून विझवायची."

"फुंकून?" अप्पांनी विचारलं.

"अप्पा, हा काही देवापुढचा दिवा नाही. साधी मेणाची बत्ती आहे."

"ज्योत ती ज्योत, जावईबापू."

जावई सासऱ्याशी किती वाद घालणार? ते नगरला परत गेले.

त्याच संध्याकाळी आई मेणबत्तीला पदरानं वारा घालायला गेली. ज्योत काही दाद देईना, म्हणून तिनं पदर आणखी जवळ नेला आणि त्याच्या टोकानं पेट घेतला. बाळाला न्हाऊ घालायला येणारी लंकाबाई तिथंच होती. "अवं बाई, पदर! सोताला जाळून घ्याल की!" असं ओरडून तिनं तो मुठीत चुरगळला. मग अप्पांनी निर्णय दिला. निरांजन नाही का तूप संपलं की आपोआप शांत होत? तसंच हिचंही होऊ द्यायचं. निरांजन पितळेचं असतं, तूप संपल्यावर त्याला जाळायला काही उरत नाही, हे अप्पांना सांगायचं कुणी? जोवर आम्ही मेणबत्ती ताम्हणात पाणी घालून उभी करत होतो, तोवर ती शेवटी चर्र करून संपायची. अप्पा विजयी मुद्रेनं आईकडे बघायचे.

बाराव्या दिवशी बारसं झालं. पाळण्याला आईचा ठेवणीतला शालू लावला होता. बाळाचं नाव सुमंत ठेवलं. औक्षणाला ताम्हण हवं होतं, म्हणून धांदलीत आईनं मेणबत्तीचं बुडखं मेण गाळून लाकडी पेटीवरच चिकटवलं. दिवेलागणीला बाळ झोपलं. माजघरात बायका ताईची ओटी भरायला खोळंबल्या होत्या, म्हणून मी तिला बोलवायला गेले.

ताई पेटीपाशी वाकली होती. नवऱ्याचं सांगणं तिला आठवलं असणार. गाल फुगवलेले, ओठांचा चंबू केलेला. तेवढ्यात अप्पा दारात आले.

"प्रेमले! आजच्या मंगल दिवशी? राहू दे. होईल आपोआप शांत."

ताईनं पेटीकडे पाहिलं, पाळण्याकडे पाहिलं. दोहोंत चांगलं हातभर अंतर होतं. तिनं ओठ मिटले आणि ती माझ्याबरोबर बाहेर आली. बापाचं ऐकणारी मुलगी म्हणून गावात तिचं उदाहरण देत असत.

माजघरात घुगऱ्या वाटणं चाललं होतं. कुणीतरी नाव घे म्हणून हट्टाला पेटलं होतं आणि ताई लाजून हसत होती. जळका वास आला तेव्हा आईला वाटलं, चुलीवर काहीतरी करपलं.

आधी पेटीवरचं फडकं पेटलं असावं, मग शालू. अप्पांनी पेटता पाळणा नुसत्या हातांनी ओढला, त्यांचे दोन्ही तळहात सोलून निघाले. उपयोग काहीच झाला नाही. दुपारी ठेवलेल्या नावानं हाक मारायला संध्याकाळी बाळ उरलं नव्हतं.

ताई रडली नाही. सुतक फिटल्यावर आईनं देवापुढे समई लावली, तेव्हा ती येऊन समोर बसली आणि म्हणाली, "अप्पा, फुंका."

अप्पांनी स्तोत्राचा आवाज चढवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. ताई दिवसभर एक शब्द बोलत नसे, जेमतेम दोन घास खाई, आणि दिवे लागले की तेवढंच म्हणे. आईनं अप्पांच्या पायांवर डोकं ठेवलं. "पोरीसाठी एकदा फुंका हो. ही अशानं जाईल." अप्पा म्हणाले, "देवाचा दिवा आहे तो." मला त्यांचा असा संताप यायचा की वाटे, समईच उचलून अंगणात भिरकावावी. मग मांडीवर उताणे ठेवलेले त्यांचे चिंध्या बांधलेले हात दिसत, आणि तो संताप ठेवायचा कुठे ते कळत नसे.

शेवटी शामकांतराव तिला न्यायला आले. ते अप्पांना काहीही बोलले नाहीत. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. सकाळच्या मोटारीनं निघायचं ठरलं. संध्याकाळी आईनं समई लावली, ताई समोर येऊन बसली.

"अप्पा, फुंका."

अप्पांनी स्तोत्र मध्येच सोडलं. असं मी जन्मात पाहिलं नव्हतं. ते पुढे सरकले. तळहात टेकता येत नव्हते, म्हणून कोपरांवर वाकले. ओठांचा चंबू केला. पहिल्यांदा श्वासच बाहेर पडेना. दुसऱ्यांदा ज्योत आडवी होऊन पुन्हा उभी राहिली. तिसऱ्यांदा विझली.

ताईनं काळ्या वातीकडे पाहिलं.

"एवढंच होतं, अप्पा," ती म्हणाली.

अप्पा कोपरांवरून उठले नाहीत. आईनं समई पुन्हा लावली नाही.