पाय तुझे, डोळे माझे

पोलांच्या खोलीत एकूण अकरा पोल होते. नऊ भिंतीवरच्या खुंट्यांवर आडवे, एक दाराशी टेकवलेला, आणि एक तडकलेला, नव्या पोरांना नुसतं धरायला शिकवण्यापुरता ठेवलेला. आडव्या दांड्या चार, त्यांतली एक वाकडी. गादीची जुनी कव्हरं दोन. मोजपट्टी एकच, आणि तिचे पहिले सात सेंटिमीटर झिजून पुसलेले. त्यामुळे सगळे दहापासून मोजायचे आणि शेवटी दहा वजा करायचे. कोणी वजा करायला विसरला की त्या दिवशी मैदानावर सगळ्यांचेच विक्रम व्हायचे.

भिंतीवरचा खालून चौथा पोल टिटवीचा. टिटवी हे नाव सरांनी ठेवलेलं, तिच्या काटकुळ्या लांब पायांवरून. नऊ वर्षांची असताना ती मैदानाच्या कठड्यावरून उड्या मारत होती, तेव्हा सरांनी तिला हाक मारून दोरीला लटकायला लावलं. आता ती सतरा वर्षांची होती. घरी तिला दादा तिच्या खऱ्या नावाने हाक मारायचा तेव्हा ती कधीकधी ओ द्यायलाच विसरायची.

पोल व्हॉल्टची एक अडचण आहे. धावपट्टीच्या टोकाला जमिनीत एक उतरता बॉक्स गाडलेला असतो. धावत येऊन पोलचं टोक त्यात टेकवायचं आणि उडायचं. उडताना पाय बरोबर वरच्या हाताच्या खाली पडायला हवा. एक मूठ जरी बॉक्सच्या जवळ, म्हणजे आत, पडला तर पोल खांद्याला हिसका देऊन मागे खेचतो. एक मूठ लांब, म्हणजे बाहेर, पडला तर पोल उभाच राहत नाही, माणूस दांडीवर जाऊन आपटतो. आणि हा पाय कुठे पडला हे उडणाऱ्याला दिसत नाही. खाली बघितलं की मान झुकते, मान झुकली की उडी मेली. म्हणून बाजूला कोणीतरी उभं राहून तीनपैकी एक शब्द ओरडायचा: आत, बाहेर, बरोबर.

"पाय तुझे, डोळे माझे," सर पहिल्याच दिवशी म्हणाले होते. "तू फक्त वर बघ. खालचं मी बघतो."

तिने आठ वर्षं फक्त वर बघितलं.

सरावात ती तीन मीटर साठ सहज पार करायची. केंद्रीय शिबिरात जायला तेवढीच उंची लागायची, पण ती निवड चाचणीत, पंचांसमोर. हंगामात चाचण्या तीन. पहिल्या दोन्हींत ती पन्नासवर अडकली होती. दोन्ही वेळा साठच्या पहिल्या उडीला दांडी मांडीने पडली. त्यात काही विशेष नाही, पहिली उडी अंदाजाची असते. पण दोन्ही वेळा सर ओरडले, "आत! अर्धं पाऊल मागे घे." तिने धावपट्टीच्या कडेला ठेवलेली, धाव सुरू करायची खूण मागे घेतली आणि पुढच्या दोन उड्या पार फसल्या.

"चाचणीत तू घाबरतेस," सरांनी समजावलं. "घाबरलं की वेग वाढतो, ढांगा लांब पडतात, पाय आत जातो. वयाने जाईल ते. पुढच्या वर्षी बघू."

दादाला हे कळल्यावर तर आयतंच मिळालं. "घरच्या मैदानात वाघीण, आणि पंच दिसला की मांजर. आम्ही येऊन म्याव म्हणू का?"

ती हसली होती. रात्री मात्र तिला वाटलं, असेल. आपण असूच भित्र्या.

तिसऱ्या चाचणीच्या आदल्या आठवड्यात सरांची दाढ काढली. ते दोन दिवस आले नाहीत, म्हणून तिने अडथळ्यांच्या शर्यतीवाल्या मॅडमना बॉक्सजवळ उभं राहायची विनंती केली.

"मला तुमच्यातलं काही कळत नाही हं," मॅडम म्हणाल्या. "पाय दिसला तर सांगेन."

नेहमीच्या खुणेवरून तिने उडी मारली. "बरोबर," मॅडम म्हणाल्या. मग तिने चाचणीतली खूण घेतली, अर्धं पाऊल मागची.

"अगं, केवढी बाहेर! हात कुठे, पाय कुठे."

"चाचणीत मी जोरात धावते ना, म्हणून ही खूण आहे. तिथे माझा पाय आत पडतो."

"मागच्या चाचणीला मी पंच होते, टिटवे. बॉक्सच्या बाजूलाच खुर्ची होती माझी. तुझा पहिला पाय बरोबर पडला होता. मग तू मागे का सरकलीस तेच मला कळेना. म्हटलं, सरांना आपल्यापेक्षा जास्त कळत असणार."

"तुमचीच चूक झाली असेल," ती म्हणाली, जरा तोडूनच.

पण विंचू चावावा तसं मॅडमचं बोलणं चढत गेलं. दोन दिवस तिने सरांची बाजू घेऊन स्वतःशीच भांडण केलं. सरांच्या दाढेची सूज उतरली, ते आले आणि त्यांनी तिच्या पाठीवर थाप मारून "काय गं, माझ्याशिवाय करमलं का?" असं विचारलं. तिला स्वतःची लाज वाटली. तरी चाचणीच्या सकाळी तिने सरांच्या नकळत पोल बॉक्समध्ये टेकवला, दोन्ही हात सरळ वर ताणले आणि पायाचा अंगठा टेकला ती जागा मोजली. तीन मीटर चार. वजाबाकी दोनदा केली.

साठला दांडी चढली. हाताला पावडर लावताना तिने थोडी त्या मोजलेल्या जागेवर सांडू दिली. मग ती धावली, वर बघितलं, उडाली. मांडी लागली, दांडी पडली.

"आत!" सर ओरडले. "अर्धं पाऊल मागे."

ती गादीवरून उतरली ती सरळ धावपट्टीवर आली. पांढऱ्या पावडरीत पायाचा ठसा होता, खिळ्यांसकट. अंगठा तीन मीटर चारवर.

"सर, कुठे पडला पाय?"

"सांगितलं ना, आत."

"इकडे येऊन दाखवा."

सर आले. त्यांनी ठसा बघितला. नंतर तिच्याकडे नाही, प्रेक्षकांच्या रिकाम्या पायऱ्यांकडे बघितलं.

"शिबिराला गेलेलं पोर परत येत नाही," ते हळूच म्हणाले. "दोन गेली माझी. फोनसुद्धा करत नाहीत. तिथले लोक तुला वर्षभरात मोडतील. अजून एक वर्ष माझ्याकडे राहिली असतीस तर..."

"मी भित्री आहे असं सांगितलंत तुम्ही मला."

सरांनी गालावरून हात फिरवला, जिथे दाढ नव्हती तिथून.

"दादाला सांगितलंत. काकूंना सांगितलंत. तुमच्या घरी जेवताना काकू मला धीर द्यायच्या."

तेवढ्यात पंच आले. धावपट्टीवर खुणा करायला परवानगी नाही म्हणाले, आणि त्यांनी झाडू मागवला. ठसा गेला.

दुसऱ्या उडीला तिने जुनीच खूण घेतली. सात पावलं नीट पडली. आठव्याला तिने खाली बघितलं.

"पाय बरोबर होता," सर म्हणाले. आवाज बसलेला होता. "मान झुकवलीस. खूण हलवू नकोस, बाळा. खरं सांगतोय."

खरं असेलही. तिने मॅडमना शोधलं, पण आज त्या पलीकडच्या मैदानावर अडथळे मांडत होत्या. पंच पायाचं काही सांगत नसतात. इथे बाजूला उभं राहून सांगणारा माणूस एकच होता. आठ वर्षं ज्या आवाजावर ती डोळे मिटून उडाली, तो आवाज आताही तसाच होता, कणभरही बदललेला नव्हता. खरं सांगतानाचा आणि खोटं सांगतानाचा एकच.

ती खुणेपाशी गेली. खाली बसली. ते म्हणतात हलवू नको, म्हणजे हलवायला हवी. की तिने असंच उलटं करावं म्हणून ते म्हणतायत? पंचांनी घड्याळाकडे बोट दाखवलं. तिने खूण उचलली, एक मूठ पुढे टेकवली, पोल उचलला आणि धावली.

पोलने खांद्याला हिसका दिला.

पंचांनी तिसरा लाल झेंडा वर केला आणि पाठीवरचा क्रमांक पाहून निकाल वाचला: तीन मीटर पन्नास.