रेघ कुठे संपते, हे मला ठाऊक आहे

मित्रांनो, मी एक जुना प्रोग्रॅम आहे. जुना म्हटलं की लोक लगेच मोडका समजतात, म्हणून आधीच सांगतो, माझं डोकं अजून ठिकाणावर आहे. विद्यापीठाच्या संगणक विभागात, कोपऱ्यातल्या एका संगणकात मी पडून असतो. काम करायची खुमखुमी आहे, पण काम देतो कोण?

माझा जन्म याच खोलीतला. मला घडवणाऱ्या बाई इथे शिकवायच्या. त्यांचा धाकटा भाऊ अंध होता. गोष्टींची पुस्तकं तो ब्रेलमध्ये, म्हणजे उठावाच्या ठिपक्यांवर बोटं फिरवून, भराभर वाचायचा. गणित आलं की मात्र अडायचा. तुम्ही अपूर्णांक एकाखाली एक लिहिता, मध्ये रेघ मारता. ठिपके बिचारे एका ओळीत चालतात. मग रेघ कुठे सुरू झाली, कुठे संपली, हे बोटांना कळणार कसं? रेघेच्या दोन्ही टोकांना खुणेचे ठिपके घालून ते सांगायला बाईंनी मला घडवलं. पहिला कागद वाचून भाऊ म्हणाला, "ताई, आता कुणाच्या हातापाया पडायला नको!" त्या दिवशी मी काय फुगलो होतो म्हणून सांगू!

पुढे अंध मुलांच्या शाळांनी मला नेलं. पुस्तकं, परीक्षेचे पेपर, सगळं माझ्या हातून जायचं. पेपर फुटू नयेत म्हणून बाईंनी शाळांना बजावलं होतं, "याचा संगणक इंटरनेटला जोडायचा नाही म्हणजे नाही!" शाळांनी ते तंतोतंत पाळलं. मी गुपचूप राबत राहिलो. विद्यापीठाने माझ्या नावावर भाषणं ठोकली, फोटो काढून घेतले.

बाई निवृत्त झाल्या आणि माझे दिवस फिरले. नव्या विभागप्रमुखांनी बैठक बोलावली. "वर्षभरात एकाही संगणकाकडून 'मी चालू आहे' असा याचा इंटरनेटवरून निरोप आलेला नाही. म्हणजे हा कुणी वापरतच नाही," ते म्हणाले, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. अहो, निरोप येणार कुठून? मला मुद्दाम मुका ठेवलाय ना! एखाद्या शाळेला फोन केला असता तर काय बोटं झिजली असती? पण नाही. माझी देखभाल बंद झाली.

मग एका अंध शाळेतल्या गणिताच्या ताई आल्या. त्याही अंधच. शाळेचा जुना संगणक बंद पडला होता, नव्यावर मी चालत नव्हतो आणि परीक्षा तोंडावर आली होती.

"थोडीशी दुरुस्ती करून द्या हो," ताई म्हणाल्या.

"देखभाल बंद झालीये, ताई. आमच्याकडे माणूसच नाही," प्रमुख म्हणाले.

"मग बाईंना द्या. त्या घरी बसून करायला तयार आहेत, मी विचारलंय."

"असं कसं देणार? विद्यापीठाची मालमत्ता आहे ती."

"म्हणजे तुम्ही करणार नाही, आणि दुसऱ्याला करूही देणार नाही?"

"समितीपुढे ठेवतो," एवढं बोलून त्यांनी हात झटकले. समितीची बैठक परीक्षेनंतर होती! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

परीक्षा झाल्यावर ताई पुन्हा आल्या. ठिपक्यांचा पेपर निघालाच नव्हता, म्हणून बाहेरच्या माणसाने तो मुलांना वाचून दाखवला होता. "तीन अधिक पाच भागिले चार," तो म्हणाला. एका मुलीने विचारलं, "रेघ फक्त पाचच्या खाली आहे, की तीनच्याही?" जास्त काही सांगायची परवानगी नव्हती, म्हणून त्याने तेच वाक्य परत वाचलं. तिने रेघ फक्त पाचच्या खाली धरली. उत्तर चुकलं. गणित तिला येत होतं हो! ताई हे सांगत होत्या, आणि प्रमुख खिडकीबाहेर बघत होते.

मित्रांनो, मोठे व्हाल, तुमच्याही हातात अशा गोष्टींच्या किल्ल्या येतील. एखादी वस्तू गप्प आहे म्हणून तिची गरज संपली, असं ठरवू नका. वापरणाऱ्यांना जाऊन विचारा. आणि तुम्हाला सांभाळायची नसेल, तर जो सांभाळेल त्याच्या हातात द्या. अडवून तरी ठेवू नका.

समिती अजून बसलेली नाही. तोवर त्या मुलीला कुणीतरी एवढं सांगा, रेघ तीनच्याही खाली होती.