ज्याची वाट पाहिली तो

रशियाच्या उत्तरेला, श्वेत समुद्राकाठच्या एका गावात मुलाला बापाचं नाव ठेवायचं, ते बाप गेल्यावरच. बाप जिवंत असताना ठेवलं तर त्याचं आयुष्य पोराकडे जातं, असा पक्का समज. म्हणून फेव्रोन्या म्हातारीने नातवाच्या पाळण्याशी येऊन नाव काढलं, तेव्हा सुनेच्या, उस्तिन्याच्या, अंगावर काटा आला.

"साव्वातीच ठेवू," म्हातारी म्हणाली. "माझ्या लेकाचं नाव तरी घरात राहील."

"आई, तुमचा लेक मासे धरायला गेलाय, मसणात नाही!"

"अगं, समुद्र गोठायला आला. बाकीच्या होड्या कधीच आल्या."

"त्या आल्या, तसा हाही येईल. मी याला झ्दान म्हणणार."

झ्दान म्हणजे ज्याची वाट पाहिली तो. नाव जुनं, चर्च यायच्या आधीचं. तेव्हाचे लोक मनात असेल तेच पोराला नाव देऊन मोकळे होत. पाद्रीबाबांनी मात्र संतांची पोथी चाळून मान हलवली.

"या नावाचा संतच नाही, बाई. बाप्तिस्मा कुणाच्या नावाने देऊ?" मग ते म्हातारीकडे वळले. "साव्वाती आहे पोथीत. तेच ठेवायचं ना?"

इतके दिवस हट्टाला पेटलेली फेव्रोन्या आता मागे सरली. आपल्याच जिभेने लेकाला मारायचं कुठल्या आईला जमणार?

"आज ज्या संताचा दिवस असेल, त्याचं नाव घाला," ती कशीबशी म्हणाली. "घरी आम्ही झ्दानच म्हणू."

चर्चपुरता पोरगा मात्वेई झाला आणि गावाला झ्दान.

साव्वाती काही आला नाही. दर वर्षी बर्फ वितळला की उस्तिन्या रोज संध्याकाळी किनाऱ्यावर जाऊन उभी राही, पोरगं शेजारी शिंपले वेचत बसे. बायका टोमणे मारत, तिला त्याचं काहीच नव्हतं. नवऱ्याची ओढ अशी, की लेकाशी बोलतानाही तिची नजर पाण्यावरच असे.

एकदा त्याने तिचा झगा ओढला. "आई, माझ्या नावाचा अर्थ काय गं?"

"ज्याची वाट पाहिली तो."

पोरगं विचारात पडलं. "मग मी तर आलोय की! अजून कुणाची वाट बघतेस?"

उस्तिन्या खाली वाकली. कितीतरी दिवसांनी तिने लेकाकडे नीट पाहिलं. साव्वातीचंच कपाळ, त्याच्याच भुवया. तिला हुंदका आवरेना. समुद्राकडे पाठ करून ती वाळूत बसली आणि झ्दानला पोटाशी धरून पोटभर रडली.