टपावरचं कपाट

धामणगाव बढ्याच्या कॉलेजात मी फिजिक्स शिकवतो. वजन जितकं उंचावर, तितकी गाडी वळणावर लवकर उलटते. दरवर्षी फळ्यावर हेच काढतो.

माझ्या मुलीच्या, छकुलीच्या आंदणाचं लोखंडी कपाट जीपच्या टपावर मीच चढवायला लावलं. ड्रायव्हर म्हणाला, "सर, हे टेम्पोत टाका." मी खेकसलो, "आंदण गावाले दिसलं पाह्यजे बे!"

लग्न लागल्यावर छकुली त्याच जीपमध्ये बसली. घाटातल्या वळणावर जीप उलटली. छकुली गेली.

दवाखान्यात व्याही पुंजाजींनी विचारलं, "सर, गाडी जोरात नोहती. मंग उलटली काऊन?"

खिशातल्या लग्नपत्रिकेच्या मागे मी जीप काढली. वर कपाट काढलं. बाण काढले. मग वर्गात म्हणतो तसं म्हणालो, "हा प्रश्न दरवर्षी येते."