मुलुंडच्या घराचं मत

मुलुंडच्या दशरथ परबांचा लोकशाहीवर विश्वास होता. ती घराबाहेर असावी, इतकंच. सदुसष्ट सालच्या मतदानादिवशी त्यांनी दाराला आतून कडी घातली आणि सुनेला बजावलं, “नलिनी, बायकांनी मत द्यायला जायचं नाही. या घराला माझं एकट्याचं पुरे.”

नलिनी रात्रशाळेत इतिहास शिकत होती. “मामंजी, इंग्रजांच्या काळात बहुतेक बायकांना मत नव्हतंच. ज्याच्या नावावर घरदार, त्यालाच मत.”

“झकास कायदा. पुन्हा आणायला हवा.”

सासूबाई भाकऱ्या थापत होत्या. हे घर त्यांच्या वडिलांनी त्यांच्याच नावावर केलं होतं. त्यांनी हात धुतले आणि कडी काढली.

“चल गं नलिनी. आणि अहो, तुमच्या कायद्यानं तुम्ही आज घरी. तव्यावरची भाकरी तेवढी उलटा.”