थोडंसंच

पाण्याच्या टाक्या धुणाऱ्या त्या कंपनीत दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी माणसं मोजायची पद्धत होती. वजनकाटा नव्हता. टाकीच्या तोंडाएवढं एक लोखंडी कडं होतं, ते मुकादम प्रत्येकाच्या डोक्यावरून खाली सोडायचा. कडं जमिनीवर पडलं की माणूस टाकीत उतरायला लायक. या वेळी टाकीवाल्याच्या पोटावर ते बसलं आणि तिथेच रमलं. ते आपणहून विचार बदलेल अशा आशेनं मुकादम थोडा वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "पुढच्या महिन्यात पडलं नाही, तर दुसरीकडे काम बघ. टाकी बाहेरून धुवायला मला माणूस नकोय, ते पाऊस करतो."

आपण एवढं खातो तरी काय, याचा विचार करत टाकीवाला घरी आला. पूर्वी चौघं आठला एकत्र जेवायची. मग बायकोला पहाटेची पाळी लागली, ती संध्याकाळी पाचलाच जेवून झोपायला लागली. आईची गोळी सातच्या जेवणानंतरची. मुलगी गोदामातून साडेनऊला यायची. तिघींचं आयुष्यात पहिल्यांदाच एका गोष्टीवर एकमत झालं होतं : एकटीला घास उतरत नाही. म्हणून सोबतीला हा. प्रत्येकीबरोबर थोडंसंच.

त्यानं जाहीर केलं, यापुढे जेवण एकदाच, सातला, आईबरोबर. बाकी दोन वेळा तो नुसता बसेल. आईनं निवडून आल्यासारखी मान हलवली. मुलगी म्हणाली, नुसतं बघत बसणाऱ्या माणसापेक्षा मोबाइल बरा. बायकोनं दोन ताटांतलं एक उचलून फडताळात ठेवलं, म्हणजे लक्षण ठीक नव्हतं.

महिना सरता सरेना. पाचला तो बायकोसमोर हाताची घडी घालून बसायचा. ती दोन घास खायची, तिसऱ्याला त्याच्याकडे बघायची आणि ताट झाकून ठेवायची. आठवड्याभरानं तिनं बसणंच सोडलं. ओट्यापाशी उभ्यानं उकडलेला बटाटा गिळायची आणि झोपायला जायची.

सोमवारी कडं कमरेपाशी अडलं. मुकादमानं श्वास सोडायला सांगितलं, त्यानं महिन्याभराचा सोडला. कडं खणकन पडलं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, मागचा माणूस स्वतःचं पोट आत घेण्यात गुंतला होता.

पाचला तो घरी पोचला, तेव्हा बायको ओट्यापाशीच उभी होती. खुर्चीवर तिचा उद्याचा गणवेश होता, कमरेला दोन सेफ्टी पिना लावलेला. त्या कधीपासून आहेत, हे त्याला सांगता आलं नसतं.

"पडलं?"

"पडलं."

"बरं झालं," ती म्हणाली आणि बटाट्याकडे वळली.

त्यानं गणवेश खुंटीला अडकवला, तिचं ताट टेबलावर आणलं आणि त्यातला अर्धा बटाटा स्वतः उचलला. ती बसली. दोघं जेवली.

"आणि पुढच्या महिन्यात काय करणार?"

"सातला आईबरोबर नुसता बसेन."

"आईंना कोण सांगणार?"

उत्तर द्यायला लागू नये म्हणून टाकीवाल्यानं आणखी एक घास घेतला.